पिढीजात इंधन वितरणाच्या फर्ममध्ये आता बसावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली, आजोबांनी सुरू केलेली फर्म. वडील आणि काका भागीदार. एक पंप शहरात, तेल कंपनीने जुन्या भाडेपट्ट्यावर घेतलेल्या जागेत. दुसरा नगर रस्त्याला, घरच्या जमिनीवर. जोडीला वंगण तेलाची वितरकी आणि काही कारखान्यांना डिझेलचा पुरवठा. एके काळी रॉकेलची एजन्सी जोरात होती, आता नावापुरती उरली आहे. विचारणारे हिंजवडीत नोकरी करतात. काका म्हणतात, ‘उलाढाल बघून लोक जळतात, पण हातात काही राहत नाही. तू ये, नाहीतर विकून मोकळे होऊ.’ तर खरंच काही राहत नाही का, इलेक्ट्रिक गाड्यांच्या काळात यात पडण्यात अर्थ आहे का, आणि विकायचं झालं तर ते कसं?

मी या धंद्यात तीसेक वर्षं काढली आहेत. सुरुवातीला एका जुन्या फर्मची खतावणी सांभाळत होतो, नंतर तिचा सगळा कारभार माझ्याकडे आला. त्यामुळे उत्तर लांबणार.

काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. समजा एका पंपावर महिन्याला दीड लाख लिटर पेट्रोल आणि दीड लाख लिटर डिझेल जातं. पुण्यातले शंभरीपलीकडचे पेट्रोलचे आणि नव्वदीच्या आसपासचे डिझेलचे भाव धरले तर विक्री २ कोटी ९० लाखांच्या घरात जाते. कमिशन पेट्रोलवर लिटरमागे साधारण ४ रुपये ४० पैसे, डिझेलवर ३ रुपयांच्या जवळपास. म्हणजे महिन्याचे ११ लाख. त्यातून तीन पाळ्यांचे पगार, वीज, कंपनीच्या जागेवर असाल तर कंपनी वळती करून घेते ती लायसन्स फी, उडून जाणारं पेट्रोल आणि बँकेचं व्याज. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे खर्चावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. शिवाय कमिशन मुख्यतः लिटरवर ठरतं, किमतीवर नाही. भाव ७० वरून १०४ वर गेला की टँकर भरायला लागणारं भांडवल दीडपट होतं, कमिशन तेवढं वाढत नाही. २०१७ नंतर कमिशनमध्ये मोठी सुधारणा झाली ती थेट २०२४ च्या ऑक्टोबरअखेर: पेट्रोलवर ६५ पैसे, डिझेलवर ४४ पैसे. मधल्या काळात पगार आणि वीजबिल थांबले नव्हते.

तरीसुद्धा नीट चाललेल्या पंपात पैसा राहतो. जिथे राहत नाही तिथे तो कुठून तरी जातोय, आणि बहुतेक वेळा तो एकाच दारातून जातो. ते दार उधारीचं. या धंद्यात तेल विकणं हे सगळ्यात सोपं काम आहे. माल कंपनीचा, भाव कंपनीचा, गिऱ्हाईक रस्त्यावरून आपोआप येतं. जुन्या फर्मची खरी कमाई किंवा खरं नुकसान ठरतं ते कुणाला उधार द्यायचं आणि कधी बंद करायचं यावर. म्हणून तुम्ही फर्मची पहिली फाइल मागाल ती नफा-तोट्याची मागू नका, येणे बाकीची मागा. आणि एकूण आकड्यावर समाधान मानू नका. पार्टीवार यादी घ्या, प्रत्येकीपुढे सगळ्यात जुन्या न भरलेल्या बिलाची तारीख लिहून घ्या.

हिशेब असा आहे. लोणी काळभोरच्या टर्मिनलवरून, म्हणजे तेल कंपन्यांच्या साठवण डेपोतून टँकर निघायच्या आधी पैसे कंपनीकडे पोचलेले असावे लागतात, स्वतःचे किंवा बँकेचे. पार्टीला मात्र आपण महिन्याने बिल देतो आणि पैसे त्यानंतर येतात. ९० रुपयांच्या डिझेलवर १० टक्के व्याज धरलं तर महिन्याला लिटरमागे ७५ पैसे. आपलं कमिशन ३ रुपये. म्हणजे ६० दिवस उधारी गेली की निम्मं कमिशन बँकेला, १२० दिवस गेली की सगळंच, आणि पंपावरच्या मुलांचा पगार खिशातून. हे झालं पैसे येतात तेव्हाचं. एखादी पार्टी १०,००० लिटरचे ९ लाख बुडवून गेली, तर ते भरून काढायला ३ लाख लिटर डिझेल विकावं लागतं, तेही एक पैसा खर्च न होता. वर धरलेल्या पंपाची ही दोन महिन्यांची डिझेल विक्री झाली.

‘मग उधारी बंदच करून टाकू’ असं हिंजवडीतून बघताना सहज सुचतं. शहरातल्या पंपावर ते जमेलही, तिथे दुचाकी आणि यूपीआय. नगर रस्त्याच्या पंपावर उधारी बंद केली तर ट्रान्सपोर्टवाले समोरच्या पंपावर जातील. त्यातले मोठे आधीच गेलेत. एक्स्ट्रापॉवर, स्मार्टफ्लीट, ड्राइव्हट्रॅक प्लस ही कंपन्यांची फ्लीट कार्डं आली तेव्हा शंभर-दोनशे गाड्यांचे मालक कार्डावर गेले, कारण त्यांना देशभर एकच हिशेब मिळतो. पंपाच्या वहीत उरले ते पाच ते पंधरा गाड्यांचे मालक, खडी-क्रशरवाले, तयार काँक्रीटचे आरएमसी प्लँट, जेसीबीवाले, शाळेच्या बसवाले आणि पालिकेचे ठेकेदार. शेवटच्या मंडळींपासून जपून. ‘बिल निघालं की देतो’ हे त्यांचं वाक्य खोटं नसतं, पण ते बिल मार्चएंडला निघतं आणि तेही सगळं निघेल असं नाही.

आयटी कंपन्यांच्या बसचे ठेकेदार हे २०२० पर्यंत पुण्यातल्या पंपांचे सोन्यासारखे गिऱ्हाईक होते. रोजच्या ठरलेल्या फेऱ्या, ठरलेलं डिझेल, मोठ्या कंपन्यांकडून येणारी नियमित बिलं. आमच्याकडेही असा एकजण होता, माणूस सचोटीचा. मार्च २०२० मध्ये तुमच्यासारखी मंडळी घरून काम करू लागली, बस उभ्या राहिल्या, आणि दोन महिन्यांचं डिझेल ज्या गाड्यांत जळून गेलं होतं त्यांचे हप्तेच थकले. पैसे आले, पण तुकड्यातुकड्याने आणि बऱ्याच काळाने. अशा वेळी तुमच्याकडे काय असतं? डिझेल घेतल्याच्या, सही केलेल्या स्लिपा. आणि धनादेश घेतला असेल तर तो न वटल्याचं कलम १३८: धनादेश परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. या तारखा चुकल्या की सगळं मुसळ केरात. सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल ४५ दिवसांत चुकतं करा, नाहीतर खर्चाची वजावट विसरा, अशी आयकरातली जी ४३बी(एच)ची तरतूद गाजली, तिच्यावर भिस्त ठेवू नका. ती उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, आपण व्यापारी.

जुन्या दिवाणजींच्या दोन सवयी मी अजून सोडलेल्या नाहीत. एक, मर्यादा रुपयांत ठरवायची नाही, लिटरमध्ये आणि दिवसांत ठरवायची. भाव वाढला की रुपयातली मर्यादा आपोआप तोकडी पडते आणि मग ‘थोडी वाढवून द्या’ सुरू होतं. लिटरची मर्यादा हलत नाही. बिल पंधरवड्याचं, आणि पुढच्या पंधरवड्याचं बिल निघायच्या आत मागचं आलं नाही तर त्या गाडीला नोझल नाही. हे सांगायचं काम पंपावरच्या पोरावर टाकायचं नाही, मालकाने फोन करायचा. दोन, जी पार्टी एकाएकी जास्त डिझेल उचलायला लागते तिच्यावर खूश होण्याआधी चौकशी करायची. दहापैकी सात वेळा दुसऱ्या कुठल्या तरी पंपाने तिची उधारी बंद केलेली असते.

स्लिपांचाही एक खेळ आहे, तो माहीत असलेला बरा. ड्रायव्हर २०० लिटरची स्लिप देतो, गाडीत १८० टाकतो, उरलेल्या २० लिटरचे पैसे पंपावरचा मुलगा आणि तो वाटून घेतात. पंपाचं यात वरवर काही जात नाही, म्हणून मालक डोळेझाक करतात. पण सहा महिन्यांनी गाडीमालक ॲव्हरेज काढतो आणि पूर्ण बिलावरच हरकत घेतो. उपाय साधा आहे: स्लिपवर मीटरची छापील पावती टाचायची, गाडी नंबर आणि किलोमीटर लिहायचे, आणि बिलासोबत ते सगळं पाठवायचं.

उधारीनंतर मिलीलिटर. सकाळी टँकर आला की ऑफिसातून उठून तिथे उभे राहा, तीन-चार वेळा. गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद, अर्थिंगची क्लिप लावलेली, शेजारी अग्निशामक. माल निवळायला थोडा वेळ द्यायचा. मग लॉक आणि सील चलनाशी ताडून बघायचे, वरची झाकणं उघडून प्रत्येक कप्प्यात माल मोजायचा डिप रॉड टाकायचा. जारमध्ये नमुना काढायचा, त्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडायचा, आलेली डेन्सिटी म्हणजे घनता तक्त्यावरून १५ अंश तापमानाच्या हिशेबात आणायची आणि चलनावरच्या आकड्याशी ताडायची. घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर टँकर खाली करायचा नाही, कंपनीला फोन. त्याच वेळी आपल्या जमिनीखालच्या टाकीत रॉड टाकायचा, टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावून. रंग बदलला तर खाली पाणी आहे. पूर्वी तळाशी थोडं पाणी राहिलं तरी पेट्रोल वर तरंगायचं आणि निभावून जायचं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून ती चैन संपली. इथेनॉल पाण्याकडे ओढलं जातं, पाणी पुरेसं असेल तर पेट्रोल सोडून त्याच्यासोबत तळाला बसतं, आणि गिऱ्हाइकाच्या गाडीत ते जायला लागलं की दुपारपर्यंत पंपावर भांडणं. जूनचा पहिला मोठा पाऊस पडायच्या आत टाकीवरच्या मॅनहोलचे गॅस्केट आणि भरणीच्या तोंडाची झाकणं बदलून घ्या. पुण्यात जुने पंप रस्त्यापेक्षा खाली गेलेत, कारण रस्ता दर दोन-चार वर्षांनी थर चढून वर येतो.

टँकर खाली झाल्यावर ड्रायव्हरला घाई असते. कप्प्यात डोकावून बघा, पाइप उंच करून त्यातला माल टाकीत जाऊ द्या. एवढं करूनही उन्हाळ्यात माल कमी भरणार, कारण पेट्रोल गार होताना आकसतं. दर अंशाला साधारण ०.१२ टक्के. टँकरमध्ये ३८ अंशांवर आलेलं १२,००० लिटर पेट्रोल जमिनीखाली २८ अंशांवर आलं की जवळजवळ १४४ लिटर ‘गायब’. चोरी कुणी केलेली नसते. डिझेलचं आकसणं याहून कमी. लोणी आपल्याला जवळ आहे, तिथे मुंबईहून पाइपलाइनने माल येतो, त्यामुळे पुण्यातल्या पंपांना लांबच्या प्रवासाची चिंता तरी नाही. तरी एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी टँकर मागवू नका, पहाटेचा मागवा.

आणि नोझल. कायद्याने ५ लिटरच्या मापात २५ मिलीलिटर इकडे-तिकडे चालतं. वैधमापनशास्त्र विभाग वर्षातून एकदा तपासून सील करतो. वर्षभरात मशीन सरकतं, आणि बहुतेकदा जास्त देण्याकडे सरकतं. ५ लिटरला २० मिलीलिटर जास्त म्हणजे ०.४ टक्के, महिन्याला लाख लिटर देणाऱ्या मशीनमधून ४०० लिटर, चाळीस हजार रुपये. कायद्यात बसतं, पण पगार जातो. म्हणून रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाआधी प्रत्येक नोझलचं माप घ्या आणि वहीत लिहा. ते माप उलट बाजूला, कमी देण्याकडे गेलं तर मशीन त्याच क्षणी बंद ठेवून मेकॅनिक बोलवा. २०१७ साली उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या तपासात पंपाच्या मशीनमध्ये चिप बसवून माप मारण्याचे प्रकार उघड झाले. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाईक संशयाने बघतं, आणि त्याला तो हक्क आहे. त्याने ५ लिटरचं माप मागितलं, डेन्सिटी विचारली, भेसळ तपासायला फिल्टर पेपर मागितला तर तोंड वाकडं न करता द्या. जुन्या फर्मचं नाव याच गोष्टींवर टिकलेलं असतं.

भावाचा धोका हा अलीकडचा. १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी ६ वाजता बदलू शकतो. त्याआधी पंधरवड्याने बदलायचा, आणि ३० तारखेच्या रात्री टाक्या भरायच्या की रिकाम्या ठेवायच्या हा पंपमालकांचा जुगारच होता. रोजच्या पैशा-पैशाच्या बदलात आता तो थरार नाही. मार बसतो तो अबकारी कर एकदम कापला जातो तेव्हा. ३ नोव्हेंबर २०२१ ला संध्याकाळी घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, सकाळपासून पेट्रोलवरचा कर ५ रुपयांनी आणि डिझेलवरचा १० रुपयांनी खाली. दिवाळीच्या सुट्ट्यांसाठी टाक्या भरून ठेवल्या होत्या सगळ्यांनी. १५,००० लिटर डिझेल शिल्लक असेल तर दीड लाख त्या रात्रीत गेले. पुढच्या वर्षी २१ मे २०२२, शनिवार, रविवारी टर्मिनल बंद म्हणून टाक्या भरलेल्या, आणि पुन्हा तेच: पेट्रोलवर ८, डिझेलवर ६. लोकांना दिलासा मिळाला, चांगलं झालं, पण आम्ही आगाऊ पैसे भरून घेतलेल्या मालावरचा फरक कुणी भरून दिला नाही. यावर पक्का इलाज नाही. सण, निवडणुका आणि लांब सुट्ट्या जवळ आल्या की दोन दिवसांपेक्षा जास्त साठा न ठेवणं एवढंच आपल्या हातात.

आता ज्याकडे तुमच्या पत्रात सगळ्यात कमी लक्ष दिलंय, तो शहरातला पंप. त्याची जागा कोणाची?

एस्सो १९७४ मध्ये आणि बर्मा शेल, कॅलटेक्स १९७६ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांचे पुढे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. त्या परदेशी कंपन्यांनी शहराशहरांत मोक्याच्या जागा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतल्या होत्या. राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यांनी सरकारी कंपन्यांना ते पट्टे त्याच अटींवर एकदा वाढवून घ्यायची मुभा दिली. मग ती वाढीव मुदतही संपली. जमीनमालकाच्या नातवंडांना कागदावर शेकड्यांतलं भाडं दिसतं आणि आजूबाजूला जागेचा भाव दिसतो. साहजिकच ते कोर्टात जातात. देशभर असे दावे झाले, आणि अनेक ठिकाणी कंपन्यांना जागा सोडाव्या लागल्या. यात डीलरची अवस्था बघा. भाडेपट्टा कंपनी आणि जमीनमालकात. टाक्या, मशीन, स्फोटक विभागाचा म्हणजे पेसोचा परवाना, सगळं कंपनीच्या नावावर. तीन पिढ्या तिथे बसून तुमचं काय? डीलरशिपचा करार. जागा गेली की कंपनी दुसरीकडे जागा बघून देईलच असं नाही. म्हणून भाडेपट्ट्याची मुदत, दावा चालू असेल तर त्याची सद्यस्थिती, आणि तुमच्या घराण्याचा त्या जमिनीशी काही संबंध आहे का, हे आधी शोधा. फर्मच्या ताळेबंदात यातलं काहीही दिसणार नाही.

नगर रस्त्याच्या पंपाचं उलट. जमीन तुमची, त्यामुळे ताकद तुमची. तिथे बघायचं ते रस्त्याकडे. जुन्या मुंबई रस्त्यावर कामशेत-लोणावळ्याच्या बाजूला ट्रकच्या रांगा लागणारे पंप होते. २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण खुला झाला आणि त्यांच्यातल्या कित्येकांची डिझेल विक्री बघता बघता ओसरली. पंपाच्या जन्माला रस्ता लागतो आणि मरणालाही रस्ताच. तुमच्या पंपासमोर उड्डाणपूल येतोय का, मेट्रो येतेय का, आणि डिव्हायडरला कट राहणार का, याची चौकशी महापालिकेत आणि पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात स्वतः जाऊन करा. कट बुजवला की समोरच्या बाजूची, म्हणजे निम्मी वाहतूक तुमच्याकडे वळत नाही, मग भाव काहीही असो. दलालाकडून हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

रॉकेलवर फार बोलण्यासारखं राहिलेलं नाही. रेशन दुकानांपुढे डबे घेऊन रांगा लागायच्या तेव्हा रॉकेलचा घाऊक एजंट हा गावात तलाठ्याइतका महत्त्वाचा माणूस होता. घरोघर गॅस गेला, २०१६ पासून उज्ज्वला आली, कोटे आटले. रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा काळाबाजार याच साखळीत वाढला होता. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं, ते या धंद्यातल्या कुणीही विसरलेलं नाही. तुमची एजन्सी नावापुरती असेल तर तिचा परवाना, साठ्याच्या टाक्या आणि जुनी नोंदवही रीतसर बंद करून टाका. वापरात नसलेला परवाना ही उगाच अंगावर ठेवलेली जोखीम आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांचं भय खरं आहे, पण दोन पंपांना सारखं नाही. पेट्रोलियम मंत्रालयाची आकडेवारी ठेवणाऱ्या पीपीएसी या विभागाने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत देशातलं सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकींमध्ये जात होतं. पुणं तर दुचाकींचं शहर. म्हणजे ई-स्कूटरचा पहिला घाव तुमच्या शहरातल्या पंपावर, पेट्रोलवर. रिक्षा आणि टॅक्सी तर केव्हाच सीएनजीवर गेल्या. मालवाहतुकीचं डिझेल इतक्यात हलत नाही, नगर रस्त्याला रांजणगाव आणि पुढे अहिल्यानगरकडे जाणारी अवजड वाहनं बॅटरीवर यायला वेळ आहे. तिथे धोका वेगळाच: पंपच फार झालेत. २०१८ च्या नोव्हेंबरात तिन्ही सरकारी कंपन्यांनी पन्नास हजारांहून जास्त नव्या पंपांची जाहिरात काढली. २०१५ ते २०२५ मध्ये देशातल्या पंपांची संख्या जवळपास दुप्पट झाली. विक्री वाढली, पण तितकी नाही. पंपामागे वाटा घटला.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर पंपापेक्षा वितरणाकडे बघितलं असतं, म्हणजे कारखान्यांना होणारा पुरवठा आणि वंगण तेल. मार्च २०१८ मध्ये इंडियन ऑइलने जागेवर डिझेल पोचवण्याची सुरुवात केली ती पुण्यातूनच. छोट्या टँकरवर मीटर, गाडी कुठे आहे ते कंपनीला दिसतं, आणि डिझेल जनरेटर किंवा यंत्रात तिथल्या तिथे. रुग्णालयं, मोठ्या सोसायट्या, बांधकामं, चाकण-रांजणगावचे कारखाने यांना बॅरल भरून टेम्पोतून आणणं ना सोयीचं ना सुरक्षित. परवान्याशिवाय २,५०० लिटरपर्यंतच डिझेल ठेवता येतं, तेही एका भांड्यात १,००० लिटरच्या वर नाही. इथे उधारी येतेच, पण ती कारखान्यांची, खरेदी-आदेशावर, आणि गिऱ्हाईक जागचं हलत नाही. एक सावधगिरी: मार्च २०२२ मध्ये घाऊक डिझेल पंपापेक्षा लिटरला २५ रुपयांच्या आसपास महाग झालं, आणि सगळे घाऊक गिऱ्हाईक पंपांवर रांगेत आले. काही पंपमालकांनी त्या विक्रीच्या जोरावर नवी टाकी घातली, नवा टँकर घेतला. भाव जुळले आणि विक्री जिथली तिथे. अशा महिन्यांचे आकडे काकांनी दाखवले तर ते बाजूला ठेवून सरासरी काढा.

वंगण तेलावर जीएसटी आहे, त्यामुळे क्रेडिट मिळतं, आणि डिझेलपेक्षा टक्केवारी बरी. पण गॅरेजवाल्यांची उधारी लांबते आणि कंपनी महिनाअखेरीस लक्ष्य पूर्ण करायला माल गळ्यात मारते. गोदामात सहा महिन्यांचा साठा दिसला तर समजा, लक्ष्याच्या पाठी लागून नफा आधीच खर्च झालाय. डीईएफ मात्र सोडू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकना युरियाचं ते द्रावण लागतंच, डिझेलच्या साधारण ३ ते ५ टक्के. ट्रकवाला डिझेलला थांबतो तेव्हा तेही घेतो. बादलीपेक्षा मशीनमधून विकलेलं परवडतं.

राहता राहिलं ‘विकून मोकळं होऊ’. पंप दुकानासारखा विकता येत नाही. डीलरशिप हा कंपनीशी केलेला करार आहे. भागीदार घ्यायचा, काढायचा किंवा वारस आणायचा तर कंपनीची लेखी संमती आधी लागते, त्याला रिकन्स्टिट्यूशन म्हणतात. कागदावर एक मालक आणि पडद्यामागे दुसराच चालवतोय असं कंपनीला सापडलं तर डीलरशिपच जाते. नगर रस्त्याची जमीन विकता येईल, पण तिच्यावर कंपनीचा भाडेपट्टा असेल तर घेणारा तो बोजा धरून भाव देणार. म्हणजे आज ‘विकणे’ याचा खरा अर्थ जमीन कमी भावात देणं आणि वितरणाचं गिऱ्हाईक फुकट सोडणं.

माझं मत विचारलंत तर: येणे बाकीच्या यादीत ९० दिवसांपेक्षा जुनं येणं महिन्याच्या डिझेल विक्रीच्या एक-दशांशाच्या आत असेल, तर नोकरी सोडून या. त्याहून जास्त असेल तर नोकरी सोडू नका. आधी काकांना वर्षभर वसुलीला बसवा आणि शनिवार-रविवारी तुम्ही फक्त तेवढंच बघा. मात्र भागीदारीत तुमचं नाव घालण्याचा अर्ज दोन्ही परिस्थितींत आत्ताच करा. वडील आणि काका दोघंही सही करायला समोर बसू शकतात तोवर हे काम सोपं असतं. त्यांच्या पश्चात प्रत्येक वारसाचं ना-हरकत गोळा करावं लागतं, आत्या आणि परदेशातली चुलत भावंडं धरून. कंपनीच्या सेल्स ऑफिसरकडे जाताना मूळ डीलरशिप करार, आजोबांपासूनची सगळी भागीदारीपत्रं आणि प्रत्येक बदलाच्या वेळचं कंपनीचं संमतीपत्र बरोबर न्या. यातलं एखादं संमतीपत्र जुन्या फर्ममध्ये हमखास सापडत नाही. ते कंपनीच्या विभागीय कार्यालयातल्या फाइलमध्ये असतं, आणि त्याची प्रत लेखी अर्ज करून मागून घ्यावी लागते.